रविवारची नदी

मंगल कार्यालय चालवणाऱ्या माणसाला लोक लक्षात राहतात, ते काय विसरले यावरून. अक्षता विसरणारे, भटजींना वेळ कळवायला विसरणारे, एकदा तर नवरदेवाला गाडीतून उतरवून घ्यायलाच विसरलेले. माने बाई माझ्या लक्षात राहिल्या त्या उलट कारणाने. त्या काही विसरायच्या नाहीत आणि दुसऱ्यालाही विसरू द्यायच्या नाहीत.

सांगलीहून नदीच्या वरच्या अंगाला गेलं की बोरडोह नावाचं गाव लागतं. कृष्णा तिथे मोठं वळण घेते आणि वळणात पाणी खोल आहे. त्या डोहात गावाची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, आहे. तिथून पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून नळाला येतं. डोहाच्या वर, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एक नाला नदीला मिळतो. एवढा नकाशा ध्यानात ठेवला की पुरे: वर नाला, मग डोह आणि जॅकवेल, काठावर गाव. घाटावर बाईंची होडी अजून उलटी पडलेली आहे. तिला कोणी हलवलेलं नाही. घाटावरची मुलं सगळीकडे चढतात, तिच्यावर मात्र बसत नाहीत.

बाई बोरडोहच्या सून. माहेर वडूजकडचं, कोरडवाहू. हायस्कुलात त्यांनी मुलामुलींना खेळ शिकवले. निवृत्त झाल्यावरही शिट्टी गळ्यातच राहिली. लग्न होऊन गावात आल्या तेव्हाची गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या.

"आमच्याकडं आंघोळीचं पानी झाडाला जायचं. हितं आले आन नदी बगितली, तर रडायलाच लागले. सासूबाई म्हणल्या, पोरीला माहेर आठवलं. मी म्हणलं, न्हाई वो, येवढं पानी रिकामं चाललंय म्हणून रडतीय!"

त्यांचे यजमान फौजेत सुभेदार होते. सुट्टीवर आले की शर्यतीच्या होडीत बायकोला बसवून वल्हं मारायला शिकवायचे. घाटावर लोक हसायचे. सुभेदार गेले, होडी राहिली. निवृत्तीनंतर बाईंनी तीच बाहेर काढली आणि माणसं गोळा करायला लागल्या.

मला त्यांनी कसं गोळा केलं तेही सांगते. पुतण्याच्या लग्नासाठी हॉल बघायला आल्या होत्या. हॉल नीट बघितलाच नाही. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर कामांच्या याद्या लावलेल्या असतात, त्या वाचत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू कागदाची मानूस दिसतीस. रविवारी ये." कुठे, कशाला, काही नाही. मी गेले. तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव 'मॅनेजरीण'.

काम साधं होतं. दोन होड्या आणि कोणी कोणी देणगी दिलेल्या प्लास्टिकच्या कयाक, एका माणसापुरत्या अरुंद होड्या. रविवारी सकाळी घाटावरून निघायचं, काठाकाठाने नाल्याच्या तोंडापर्यंत जायचं, परत यायचं. ठरलेल्या जागांवर थांबून पाण्याचा रंग, वास बघायचा. पट्टी बुडवून आम्ल किती ते बघायचं, पाण्यात विरघळलेला प्राणवायू बघायचा, बाटली भरायची. काठ कुठे ढासळला, कोणता पाइप नवा आला, मेलेला मासा दिसला का, सगळ्याचे फोटो. बाईंना हवं होतं एकच. बोरडोहच्या नळाला येणारं पाणी पिण्यासारखं राहावं, आणि ते तसं आहे की नाही हे सांगायला कोणाच्या तरी हातात पुरावा असावा.

बाटल्या, पट्ट्या, लाइफ जॅकेट यांचं काम माझ्याकडे होतं. बाकी सगळं बाईंकडे. आधी शिट्टी, मग हजेरी. पाण्यात उतरल्यावर पुन्हा हजेरी.

"मघाशी घेतली की बाई," विट्याचे बाबूराव कुरकुरायचे. बाबूरावांनी उभी हयात परमुलखात सोनं गाळण्याच्या धंद्यात काढली होती आणि आता गावाकडे येऊन राहिले होते. पोट मोठं, कयाक लहान.

"मघाशी तुमी जमिनीवर हुता, सोनार. आता पान्यात हाय. हजर का?"

"हजर. आन मी सोनार न्हाई वो, गलाईवाला!"

"पाठ सरळ करा, गलाईवाले. होडी कलतीय."

बाईंचा एक नियम कधी मोडला नाही: एकट्याने पाण्यात जायचं नाही. होड्या दोन हव्यात, आणि मागचीला पुढची दिसली पाहिजे. घाटावरच्या पाटीवर मगरींपासून सावध राहायला सांगितलं आहे, त्यामुळे आम्हाला तो नियम मगरींसाठीच वाटायचा. पण बाईंचं आणि मगरीचं वेगळंच होतं. वळणावरच्या वाळूत एक मोठी मगर ऊन खात पडायची. ती दिसली की आम्ही दुसऱ्या काठाला सरकायचो आणि बाईंचा चेहरा खुलायचा. वल्हं थांबवून हळूच म्हणायच्या, "हाय का गं? बरं हाय." मला म्हणाल्या, "ती हाय म्हंजी खाली मासा हाय. मासा हाय म्हंजी पानी हाय. ती निगून गेली तर भ्यायचं."

आमच्या नोंदी छान येत होत्या. रविवार मागून रविवार, नाल्याच्या तोंडाशी पाणी थोडं गढूळ, बाकी ठीक. पट्टीचा रंग हवा तसा. बाईंनी त्या नोंदी दर महिन्याला तालुक्याला पाठवल्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापुढून हलायच्या नाहीत.

बिनसलं ते घरातून. बाईंच्या धाकट्या जाऊबाई, लक्ष्मीबाई, शेजारच्याच दारात राहायच्या. एका रविवारी आम्ही चहाला थांबलो होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "आक्का, बुधवारी नळाला वास मारत हुता. काकवी करपल्यावानी. लेकराच्या अंगावर पुरळ उठलंय."

"आत्ताच बगून आले गं. पानी चांगलं हाय."

"आज चांगलंच हाय. मी बुधवारचं सांगतीय."

"आमी काय अंदाजानं सांगत न्हाई लक्ष्मे. पट्टी बुडवून बगतो."

लक्ष्मीबाई कपबशा उचलताना म्हणाल्या, "बरं. तुमच्या पट्टीला कळतंय, आमच्या नाकाला न्हाई."

बाबूराव मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. पण पट्टीवर त्यांचा विश्वास होता, आणि तो विषय तिथेच राहिला. त्या गळीत हंगामात मगर वाळूवर दिसेनाशी झाली. बाईंनी दोन-तीनदा होडी थांबवून बघितलं. "थंडीनं आत बसली आसंल," असं बाबूराव म्हणाले. मगरी थंडीतच ऊन खायला बाहेर येतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही होड्या पुढे घेतल्या.

मग मेलेले मासे वाहून आले. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पांढरी पोटं वर करून, घाटाच्या पायऱ्यांपर्यंत. गावाने अर्ज केला. नाल्याच्या वरच्या अंगाला दोन-तीन कारखाने आहेत. पाणी कोणाचं हे आजही कागदावर सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी नावं लिहीत नाही. सुनावणी लागली. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली, मला आणि बाबूरावांना बरोबर घेतलं.

समोरच्या बाजूचे वकील तरुण होते, फार नम्र. त्यांनी एक जाड फाइल काढली. आमची. दर महिन्याला पोच घेऊन दिलेली.

"साहेब, आम्ही वेगळा पुरावा देतच नाही. गावच्याच स्वयंसेवकांनी इतके दिवस तळमळीनं काम केलंय. एकाही नोंदीत पाणी वाईट नाही." मग ते बाईंकडे वळले आणि खरोखर हात जोडले. "बाई, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच."

त्या हात जोडण्यात कुचेष्टा असती तर बरं झालं असतं. बाई खुर्चीवर पाठ सरळ ठेवून बसल्या होत्या. तशाच बसून राहिल्या. परतीच्या वाटेवर कऱ्हाडकडून येणारे उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक आडवे जात होते. गाव जवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "आमी त्यांस्नी वेळापत्रक दिलं."

जॅकवेलवर पंप चालवणारा शंकर बाईंचाच विद्यार्थी. बाई गाडीतून उतरून सरळ त्याच्याकडे गेल्या. मी मागे होते.

"शंकर, आमी रविवारी निघतो ते तू कुनाला सांगतोस का रं?"

तो गोंधळला. लपवायचं काही आहे असं त्याच्या मनातही नव्हतं. "व्हय बाई. शनवारी सांजंला सांगून ठेवतो, आन घाटावर तुमची शिट्टी वाजली की परत फोन करतो की. वरचा एक मानूस हाय, त्यानंच सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंय?"

"म्हणला, बाई येत्यात, शहरातली मानसं येत्यात, त्यांस्नी वास नको. येनार आसल्या की सांग, आमी तेवढं पानी थांबवतो. मला बरं वाटलं बगा. आवं, पावनं येनार आसलं तर आपन आंगन झाडून ठेवत न्हाई का?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला खेळायला, पळायला, रांगेत उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं. वडीलधाऱ्यांचा मान ठेवायलाही त्यांनीच.

"बाई, चुकलं का माजं काय?"

"न्हाई रं," त्या म्हणाल्या. "तू आंगन झाडलंस. पावना डोळं मिटून आला."

त्या दिवसापासून शिट्टी थांबली. बाईंनी रविवारचा ग्रुप बंद केला नाही, मोडल्यासारखं मात्र झालं. त्या कोणत्याही वारी निघायच्या. आदल्या दिवशी मला फोन, नुसतं "जमंल का?" एवढंच. फोनवर वार बोलायच्या नाहीत, जागा बोलायच्या नाहीत. मी दोन होड्यांच्या नियमाची आठवण करून द्यायचे. "तू हायस, बाबूराव हाय, झाल्या की दोन," म्हणायच्या. पण मला कार्यालयात लग्नं असायची, बाबूरावांचे गुडघे दुखायचे. न जमणाऱ्या दिवशी त्या कोणाबरोबर गेल्या, हे मी विचारलं की विषय बदलायच्या.

मी पहिल्यांदा कामाच्या वारी गेले ती सकाळ मला विसरता येत नाही. वळणापर्यंत नेहमीची नदी. वळण घेतलं आणि वास आला, गोड, कुजका, डोक्यात जाणारा. पाणी काळं होतं. नुसतं गढूळ नाही, काळं, आणि वर तपकिरी फेस. वल्हं वर काढलं की त्यावरून फेसाच्या दोऱ्या लोंबत होत्या. काठावर एकही बगळा नव्हता. बाबूरावांनी रुमाल नाकाला लावला. बाईंनी पट्टी बुडवली, वर काढली, रंग बघितला आणि खिशात ठेवली.

"लक्ष्मीनं सांगितलं हुतं," एवढंच म्हणाल्या.

नाल्याच्या तोंडाशी, बांधावर, दोन माणसं मोटरसायकल उभी करून बसली होती. आम्ही बाटल्या भरल्या, ती बघत राहिली. आम्ही फिरलो तेव्हा त्यांच्यातला एकजण उठला आणि काठाकाठाने आमच्याबरोबर चालत आला, पार घाट दिसेपर्यंत. घाईत नव्हता. बाबूरावांनी त्याला हाक मारली, "काय पाव्हणं, कुठलं?" त्याने नुसतं हसून हात वर केला.

आमच्या बाटल्यांना कायद्यात किंमत नव्हती. अधिकाऱ्यासमोर भरलेली, सील केलेली बाटली पाहिजे. बाईंनी कचेरीत इतके हेलपाटे घातले की शेवटी एक नव्याने आलेल्या मॅडम कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, न कळवता बोरडोहला आल्या. कामाचा वार होता. बाईंनी त्यांना स्वतःच्या होडीत बसवलं. मॅडमना येताना काठावर उलटी झाली. बाटली सील झाली, तपासणीला गेली, अहवाल आला.

अहवालावर कारवाई झाली, आणि ती लगेच झाली. बोरडोहची जॅकवेल बंद केली. पाणी पिण्यास अयोग्य, अशी पाटी घाटावर लागली. नाला वाहतच होता. त्याच्याविषयी वेगळी चौकशी बसणार होती.

गावात टँकर सुरू झाला. कधी सकाळी यायचा, कधी दुपारी, कधी यायचाच नाही. उसाला पाणी होतं, माणसाला नव्हतं. गावाचा राग नाल्यावर निघाला नाही. तो लांब होता आणि त्याच्या वरच्या कारखान्यांत कोणाचा मुलगा, कोणाचा जावई कामाला होता. बाई जवळ होत्या.

"नळाला वास येत हुता, पन येत तर हुता," असं त्यांच्या तोंडावर बोललं गेलं. "म्हातारीला पेपरात फोटो पायजे हुता." लक्ष्मीबाईंनी बोलणंच सोडलं. दोन घरांच्या मधल्या दारावर त्यांनी पोत्यांची थप्पी लावली. एका सकाळी सुभेदारांची होडी घाटावर तळाला कुऱ्हाडीचे घाव घातलेली सापडली. बाईंनी तक्रार केली नाही. सुतार आणला, फळ्या बसवल्या, सांधे डांबराने भरले. सुतार येईपर्यंत स्वतः उन्हात होडीशेजारी बसून होत्या. मी म्हटलं, थोडे दिवस सांगलीला या, कार्यालयात खोल्या रिकाम्या आहेत. "मी वडूजची हाय," त्या म्हणाल्या. "पान्यापासनं उटून जायचं माज्याच्यानं हुनार न्हाई."

मग फेरतपासणीची तारीख आली. पाणी पुन्हा तपासणार, चांगलं निघालं तर नळ सुरू. तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, टँकरवाल्याने सांगितली, सगळ्यांना कळली. सगळे मोकळे असतात म्हणून रविवार ठरवला होता.

त्या रविवारचं आधी सांगून टाकते. पाणी चांगलं निघालं. जॅकवेल सुरू झाली, पाटी काढली, गावाने नारळ फोडला. तेव्हा बाई नव्हत्या. शुक्रवारी त्या नाल्याकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. होडी डोहात उलटी मिळाली, आणि शनिवारी मासेमारांना त्या जॅकवेलच्या पायाशी मिळाल्या. पंचनाम्यात 'तोल जाऊन' असं आहे. सुताराने बसवलेल्या फळ्या जागच्या जागी होत्या. लाइफ जॅकेट अंगात होतं. भरलेली किंवा रिकामी, बाटली एकही ना होडीत होती, ना डोहात तरंगताना मिळाली. मी हे सगळं लिहून कचेरीत दिलं. पोच मिळाली.

त्या शुक्रवारी मी बोरडोहला गेले होते. अकरा वाजता कार्यालयात साखरपुडा होता, त्यामुळे मला लगेच परतायचं होतं. बाटल्यांचा खोका द्यायला म्हणून घाटावर उतरले. बाई होडीत बसलेल्याच होत्या.

"दुसरी होडी कुठाय?" मी विचारलं.

"तू साखरपुडा उरकून ये, तवर मी येते."

"बाई, नियम तुमचाच आहे."

"हाय की. पन रविवारचं पानी रविवारी सगळं गाव बगनार हाय. मला आजचं पायजे. सोमवारपासनं लेकरं प्यायला लागतील गं." त्यांनी खोका पायाशी ठेवला, जॅकेटचे बंद ओढून बघितले. "कुनी इचारलं तर म्हण, बाई फिरायला गेल्या."

वर रस्त्यावर टँकर लागला होता. भांड्यांचा, भांडणाचा आवाज घाटापर्यंत येत होता. बायका हंडे भरून घाटाच्या कडेने घराकडे निघाल्या. त्यात लक्ष्मीबाई होत्या, डोक्यावर भरलेला हंडा. उसाचा एक ट्रॅक्टर गेला आणि सगळीकडे धुरळा उडाला.

बाईंनी वल्हं आडवं धरून होडी थांबवली.

"लक्ष्मे!" त्या ओरडल्या. "हंडा झाकून ने गं. धूळ बसतीय."

लक्ष्मीबाईंनी मान वळवली नाही. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून चालत्या झाल्या. बाई तशाच थांबल्या, होडी प्रवाहाने थोडी खाली सरकली तरी. थोडं पुढे गेल्यावर, कोपऱ्यावर, लक्ष्मीबाईंचा मोकळा हात वर गेला आणि त्यांनी पदराचं टोक हंड्यावर ओढून घेतलं.

बाईंनी ते पाहिलं. मग होडीचं तोंड नाल्याकडे वळवलं.